भांड्याची आतली बाजू



आमच्या नवी मुंबईतल्या गटांना हळदी, साखरपुडे, कचेऱ्यांतले कार्यक्रम यांच्या जेवणाच्या ऑर्डरी मिळतात. अलीकडे त्यात एक नवी मागणी असते. गिऱ्हाईक म्हणतं, भाजी पितळेच्या पातेल्यात शिजवा, जुन्या चवीची. बाजारातही जुन्या घाटाची नवी भांडी आली आहेत. हाताने ठोकलेली तपेली, कढया, डबे, सगळं आजीच्या घरातल्यासारखं दिसणारं. किंमत मात्र आजीच्या काळातली नाही. गटाच्या बचतीतून असं भांडं घ्यायचं तर ते वापरायचं कसं हे आधी कळायला हवं, आणि ते कळायला त्याचा इतिहास माहीत असलेला बरा. म्हणून आज आपण कल्हईबद्दल बोलू.

तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो बिघडतो. आपल्याकडे त्याला खास शब्द आहे : कळकणे. ताक कळकलं, आमटी कळकली. तांब्याचा अंश अन्नात उतरतो, चव तुरट होते, हिरवट झाक येते आणि जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. चिंच, कोकम, ताक यांच्याशिवाय कोकणातला स्वयंपाक होतच नाही. मग एवढी वर्षं या भांड्यांत शिजवलं कसं? तर आतून कथलाचा लेप देऊन. हा लेप म्हणजे कल्हई, कागदाहूनही पातळ. अन्न लागतं ते कथलाला. तांबं-पितळ मागे राहून फक्त उष्णता पोचवतं.

कल्हई हा शब्द अरबी आहे, तिकडे कथलाला कलई म्हणतात. आपल्या देशात कथील थोडंच सापडतं, मुख्यतः छत्तीसगडच्या बस्तर भागात. बाकीचं मलाया आणि सुमात्राजवळच्या बांका बेटाकडून जहाजांनी येत असे. म्हणजे परसातल्या चुलीवरच्या तपेल्याला समुद्रापारचा धातू लागायचा. या लेपाची काळजी किती घ्यावी लागते याची एक नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीची आहे. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लिहिलं आहे, की बादशहाच्या मुदपाकखान्यातल्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई आणि शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. कुणाचं भांडं किती वेळा, याचीही उतरंड होती!

आपल्याकडे ही भांडी घडवली तांबटांनी. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासूनची, तिथले कारागीर मूळ कोकणातून गेलेले. पत्रा ठोकून त्यावर बारीक चकचकीत खळगे उठवायचे, त्याला मठारकाम म्हणतात. ते शोभेला असतं तसं पत्रा कठीण करायलाही असतं. मुंबईत पायधुणीजवळ तांबाकाटा हे नाव या धंद्यावरूनच पडलं.

तांबट भांडं एकदा घडवून मोकळा व्हायचा. त्याला पुढे पिढ्यान्पिढ्या जगवायचा तो कल्हईवाला. जमिनीत खड्डा करून तो भट्टी लावायचा, भाता चालवायचा. मोठं तपेलं असलं तर आत वाळू टाकून, त्यात उभं राहून पायांनी गोल फिरून ते घासायचा. भांडं तापलं की आत नवसागराची पूड टाकायची, भसकन पांढरा धूर निघायचा. कथलाची कांडी टेकवली की ती वितळायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात ती सगळीकडे पसरायची. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. पोरं भोवती जमायची ती यासाठीच.

पण कल्हईवाल्याला कधी बोलवायचं हे कोण ठरवायचं? घरातली बाई. भांड्याच्या बुडाशी तांबूस किंवा पिवळी झाक दिसली की ती ते बाजूला काढायची. घराचं आरोग्य तिच्या त्या नजरेवर होतं, आणि इतिहासाच्या पुस्तकात तिचं नाव कुठेच नाही. सरकारी नियमांत हेच पुढे आलं. १९५५ च्या भेसळ प्रतिबंधक नियमांत आणि २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांतही नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं खाद्यपदार्थांसाठी अयोग्य ठरवलं आहे. ऑर्डरी घेणाऱ्या गटांनी हे लक्षात ठेवा.

कथलाचं दुसरं नातं पत्र्याच्या डब्याशी. आपण ज्याला नुसतं पत्रा म्हणतो त्यातला डब्यांचा पत्रा म्हणजे लोखंड आणि त्यावर कथलाचा मुलामा. १९२० मध्ये जमशेदपूरला टिनप्लेट कंपनी निघाली, ती घासलेटच्या डब्यांना पत्रा हवा म्हणून. घासलेट संपलं की त्या डब्यांचं गावोगावच्या पत्रेवाल्यांनी काय काय केलं! चिमण्या, नरसाळी, मापं, पापडांचे डबे, अंघोळीचं पाणी तापवायचे डबे. आज तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला आपण झाकण बसवून घेतो, ती त्याचीच पुढची पिढी. आता अशी जुन्या तऱ्हेची पत्र्याची बरणी, कंदील शोभेसाठी मुद्दाम हाताने बनवून विकतात. पण पत्र्यावर ओरखडा गेला की कथील लोखंडाला वाचवत नाही, उलट तिथे गंज लवकर धरतो. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात तर फारच लवकर.

मग हे सगळं मागे का पडलं? १८९८ च्या सुमारास मद्रासला अल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करून पाहिली. हलकी, स्वस्त, कल्हई नको. नंतर स्टील आलं. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देऊ लागली. आमच्याकडे १९७० मध्ये सिडको आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, शेती आणि मिठागरं सुटली. मोठ्या कुटुंबांची चूलही वेगळी झाली. हंडे, घंगाळं, तपेली मोडीत किलोवर गेली. त्यात बायकांनी चूक केली असं आम्हाला मुळीच वाटत नाही. राखेने चार हंडे रोज घासून पाहा, मग स्टीलची किंमत कळते.

आता कुणी नवं घेणार असेल तर आधी आत बघा. पितळेचं भांडं आतून पिवळंच असेल तर कल्हई झालेली नाही. आत चकचकीत पारदर्शक वार्निश असेल तर ते शोभेचं, त्यात शिजवू नये. निकेलचा मुलामा म्हणजेही कल्हई नव्हे. सर्वात मोठी भीती शिशाची. स्वस्तात काम करायला कथलात शिसं मिसळतात, लेप झाल्यावर डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. म्हणून लेपाआधी कांडी हातात घ्या. शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर कानाशी करकर आवाज येतो. शिशाची मुकाट वाकते. थोडी भेसळ यातून सुटू शकते, तेव्हा ओळखीचा कारागीर आणि पक्कं बिल यांना पर्याय नाही.

कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं भांडं आचेवर विसरलात तर लेपाचे गोळे होतात. आधी तेल-पाणी घाला, मग गॅस लावा. कडकडीत फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओता. लाकडी उलथणं वापरा, आत तारेची घासणी लावू नका. चिंच-मीठ, राख, पितांबरी हे सगळं बाहेरून. आतून मऊ कापड आणि साबण. आंबट पदार्थ शिजला की स्टीलमध्ये काढा, रात्रभर ठेवू नका. आतली चमक जाऊन करडेपणा आला तर घाबरू नका, कथील जुनं होताना तसंच दिसतं. पिवळं-तांबूस दिसलं तरच थांबा. पत्र्याचे डबे मृगाआधी उन्हात कडकडीत वाळवून सांध्यांना तेलाचा हात फिरवा, गंजलेला डबा धान्याला नको.

कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो. आमचे गट म्हणून पंधरा-वीस घरांची भांडी एकत्र जमवतात आणि त्याला एकाच दिवशी बोलावतात, म्हणजे त्यालाही येणं परवडतं. भांड्यांवर खडूने घराचं नाव लिहा, नाहीतर संध्याकाळी सगळी सारखीच पांढरी दिसतात. भट्टी उघड्या मैदानात लावायची, सोसायटीच्या जिन्याखाली नाही, कारण नवसागराचा धूर छातीला बरा नव्हे. दमेकरी आणि तान्ह्या मुलांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवा. बाकीच्यांनी जरूर बघायला या.