गोठवणाऱ्या थंडीत इलेक्ट्रिक मोटार : पल्ला का घटतो, चार्जिंग कसे करावे?

नवी दिल्ली : कडाक्याच्या थंडीत इलेक्ट्रिक मोटार उपयोगाची नसते, हा समज नॉर्वेने खोटा ठरविला आहे. त्या देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के मोटारी पूर्णतः विजेवर चालणाऱ्या होत्या. मात्र त्याच वर्षी जानेवारी महिन्यात अमेरिकेतील शिकागो परिसरात तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्याही खाली गेले, तेव्हा चार्जिंग केंद्रांबाहेर मोटारींच्या रांगा लागल्या आणि काही मोटारी रांगेतच बंद पडल्या. थंडी दोन्ही ठिकाणी होती. मोटार रात्री कोठे उभी राहते, तेथे वीज मिळते का आणि चालकाला बॅटरीचा स्वभाव कितपत माहीत आहे, यावर हिवाळ्यातील अनुभव मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, लडाख आणि सिक्कीम येथील रहिवासी व टॅक्सीचालक यांच्यापुढे इलेक्ट्रिक मोटार घ्यावी की नाही, हा आता प्रत्यक्ष प्रश्न आहे. सपाट आणि उष्ण प्रदेशांतून स्वतःची मोटार घेऊन मनाली किंवा गुलमर्गला जाणाऱ्या पर्यटकांनाही त्याचे उत्तर हवे असते. त्या दृष्टीने या विषयातील प्रमुख मुद्द्यांचा हा आढावा.

बॅटरीत नेमके काय घडते?

लिथियम-आयन बॅटरीतील ऊर्जा ही विद्युतभारित कणांच्या हालचालीतून मिळते. हे कण ज्या द्रवातून प्रवास करतात, तो द्रव थंडीत दाट होतो आणि रासायनिक क्रिया मंदावते. परिणामी बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, तिच्यातून एका वेळी कमी शक्ती मिळते आणि साठवलेल्या ऊर्जेचा काही भाग वापरता येत नाही. ही घट बहुतांशी तात्पुरती असते. बॅटरी पुन्हा उबदार झाली की क्षमता परत येते.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र थंडी कायमचे नुकसान करू शकते. शून्य अंशाखालील बॅटरीत जोराने वीज भरल्यास लिथियम ऋणाग्राच्या आत मुरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते. त्यामुळे बॅटरीचे आयुष्य घटते. हे टाळण्यासाठी मोटारीतील नियंत्रण प्रणाली थंड बॅटरीचा चार्जिंग वेग आपोआप कमी करते किंवा आधी बॅटरी गरम करून मगच चार्जिंग सुरू करते. चार्जर नादुरुस्त असल्याची शंका अनेकदा याच कारणाने येते.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लोकप्रिय मोटारींत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या, म्हणजेच एलएफपी बॅटऱ्या वापरल्या जातात. या बॅटऱ्या उष्णतेत अधिक सुरक्षित आणि दीर्घायुषी मानल्या जातात. परंतु थंडीत त्यांची कामगिरी निकेलयुक्त बॅटऱ्यांपेक्षा अधिक खालावते. खरेदी करताना डोंगराळ भागातील ग्राहकाने हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

पल्ला किती घटतो?

एका चार्जमध्ये मिळणारा पल्ला, म्हणजेच रेंज, किती कमी होते याविषयी दोन चाचण्यांचा उल्लेख वारंवार होतो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच मॉडेलांची चाचणी घेतली. उणे ६.७ अंश तापमानात हीटर सुरू ठेवल्यास पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. हीटर बंद असताना ही घट केवळ १२ टक्के होती. नॉर्वेच्या ऑटोमोबाईल फेडरेशनने २०२० च्या हिवाळ्यात २० मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहिल्या. त्यात अधिकृत पल्ल्याच्या तुलनेत सरासरी १८.५ टक्के घट नोंदविली गेली.

अमेरिकेतील चाचणीतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. पल्ला घटण्यामागे बॅटरीच्या थंडपणापेक्षा प्रवाशांसाठी लागणाऱ्या उबेचा वाटा मोठा आहे. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाची बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि तीच उष्णता हीटरसाठी फुकट मिळते. इलेक्ट्रिक मोटर अत्यंत कार्यक्षम असल्याने अशी फुकटची उष्णता फारशी नसते. ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

शिवाय हीटरचा खर्च किलोमीटरवर नव्हे, तर तासांवर ठरतो. उदाहरणार्थ, ४५ युनिट क्षमतेची आणि सौम्य हवामानात १०० किलोमीटरला १५ युनिट वीज घेणारी मोटार ३०० किलोमीटर जाईल. हीटर सरासरी दोन किलोवॉट वीज घेतो, असे धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटरच्या प्रवासात हीटरला अडीच युनिट लागतील आणि पल्ला सुमारे २५५ किलोमीटर होईल. घाटात सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर असेल, तर त्याच अंतरासाठी हीटरला आठ युनिट लागतील आणि पल्ला १९५ किलोमीटरपर्यंत खाली येईल. यात बॅटरीच्या थंडपणामुळे होणारी घट आणि चढणीचा खर्च धरलेला नाही. म्हणूनच युरोपातील महामार्गांवरील आकडे हिमालयातील रस्त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

हा खर्च कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हीट पंप. साधा हीटर एक युनिट विजेतून जास्तीत जास्त एक युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत खेचत असल्याने सौम्य थंडीत त्याच विजेतून दोन ते तीन पट उष्णता देऊ शकतो. तापमान फार खाली गेल्यास हा लाभ घटत जातो. सर्वच मॉडेलांत हीट पंप नसतो, त्यामुळे विक्रेत्याकडे त्याची स्पष्ट विचारणा करावी. दुसरा मार्ग म्हणजे गरम होणाऱ्या सीट आणि स्टिअरिंग. संपूर्ण केबिन तापविण्यापेक्षा थेट शरीराला ऊब देण्यास फार कमी वीज लागते.

चार्जिंग : घरी आणि रस्त्यावर

थंड प्रदेशातील मालकासाठी घरचे संथ चार्जिंग सर्वांत उपयुक्त ठरते. १५ किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॉटने चार्जिंग केल्यास दहा तासांत ३३ युनिट वीज घेतली जाते. चार्जिंगमधील हानी वजा जाता सुमारे २८ ते ३० युनिट बॅटरीत जमा होतात. दैनंदिन वापरासाठी हे सहसा पुरेसे असते.

चार्जिंग केव्हा करावे, यालाही महत्त्व आहे. मोटार प्रवासाहून परतते तेव्हा बॅटरी उबदार असते. तेव्हाच गन लावल्यास चार्जिंग सुरळीत होते. रात्रभर उघड्यावर गारठलेल्या बॅटरीला पहाटे चार्जिंगला लावल्यास आरंभीची बरीच वीज बॅटरी गरम करण्यातच खर्च होऊ शकते. निघण्यापूर्वी गन जोडलेली असतानाच मोबाइल ॲपद्वारे केबिन, आणि सोय असल्यास बॅटरीही, गरम करून घ्यावी. या प्रक्रियेला प्री-कंडिशनिंग म्हणतात. यात उबेसाठीची वीज बॅटरीऐवजी घरच्या मीटरमधून येते.

रस्त्यावरील डीसी फास्ट चार्जरचा वेग थंडीत बराच घटू शकतो. उन्हाळ्यात ४० मिनिटांत होणाऱ्या चार्जिंगला हिवाळ्यात एक तासाहून अधिक वेळ लागू शकतो. काही मोटारींत नेव्हिगेशनमध्ये चार्जिंग केंद्राचे ठिकाण टाकल्यास तेथे पोहोचेपर्यंत बॅटरी गरम केली जाते. शिकागोतील कोंडीच्या वेळी अनेक चालकांनी बॅटरी अशी तयार केली नसल्याचे समोर आले होते. प्रत्येक मोटारीला वेळ अधिक लागला की रांग लांबते, आणि रांगेत उभ्या मोटारीचा हीटर उरलीसुरली वीज संपवत राहतो. त्यामुळे हिवाळ्यात बॅटरी १० टक्क्यांवर येण्याची वाट न पाहता २५ ते ३० टक्के शिल्लक असतानाच चार्जिंग केंद्र गाठावे.

हिमालयातील वेगळेपण

नॉर्वेचे यश केवळ मोटारींचे नाही. तेथे करसवलतींचे धोरण १९९० च्या दशकापासून राबविले गेले, वीज बहुतांशी जलविद्युत प्रकल्पांतून मिळते आणि बहुतांश मालक घरीच चार्जिंग करतात. भारतातील हिमालयीन पट्ट्यात मोटार तीच असली तरी मागचा वीजपुरवठा तसा नाही.

काश्मीर आणि हिमाचलमध्येही जलविद्युत मोठ्या प्रमाणावर आहे. पण हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटते व निर्मिती घटते, तर त्याच काळात घरे उबदार ठेवण्यासाठी विजेची मागणी वाढते. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या ४० दिवसांच्या ‘चिल्लई कलान’ या कडाक्याच्या थंडीच्या काळात भारनियमन हा नेहमीचा अनुभव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचे किमान तापमान उणे ८.५ अंशांपर्यंत घसरले होते. लडाख तर २०१९ मध्ये श्रीनगर-लेह या २२० किलोव्होल्ट वाहिनीद्वारेच राष्ट्रीय ग्रीडशी जोडला गेला. त्यापूर्वी तेथे डिझेल जनित्रे आणि लहान जलविद्युत केंद्रांवर भिस्त होती.

कमी दाबाच्या विजेचा थेट परिणाम चार्जिंगवर होतो. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्टच मिळाल्यास ३.३ किलोवॉटचा चार्जर सुमारे २.६ किलोवॉटच देऊ शकतो. दाब आणखी घसरल्यास अनेक चार्जर बंद पडतात. कोरड्या, खडकाळ किंवा गोठलेल्या जमिनीत अर्थिंगही नीट मिळत नाही आणि योग्य अर्थिंगशिवाय चार्जर सुरू होत नाही. म्हणून मोटार खरेदी करण्यापूर्वीच मंजूर वीजभार, हिवाळ्यातील प्रत्यक्ष व्होल्टेज आणि अर्थिंग यांची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

डोंगरात इलेक्ट्रिक मोटारीला काही लाभही आहेत. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, मात्र विजेवरील मोटरला प्राणवायूची गरज नसते. हिमाचल परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये मनाली-रोहतांग या सुमारे १३ हजार फूट उंची गाठणाऱ्या मार्गावर इलेक्ट्रिक बस चालवून हे दाखवून दिले आहे. अर्थात ही सेवा रस्ता खुला असतानाच्या हंगामातील होती.

उतारावर वीज परतही मिळते. मनालीपासून अटल बोगद्याच्या दक्षिण मुखापर्यंत सुमारे एक हजार मीटरची चढण आहे. प्रवाशांसह १,८०० किलो वजनाची मोटार एवढ्या उंचीवर नेण्यासाठी, सपाट रस्त्यावरील खर्चाव्यतिरिक्त, किमान पाच युनिट वीज लागते. उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे तिचा मोठा भाग परत मिळू शकतो. मात्र बॅटरी फार थंड किंवा पूर्ण भरलेली असेल, तर ती ही वीज स्वीकारत नाही. अशा वेळी पेडल सोडल्यावर मोटारीचा वेग नेहमीप्रमाणे मंदावत नाही आणि ब्रेक अधिक वापरावा लागतो. निसरड्या उतारावर हा बदल चालकाला आधीच ठाऊक असला पाहिजे. त्यामुळे उंचावरील मुक्कामी बॅटरी १०० टक्के भरून थेट उतरणीला लागू नये.

बर्फात अडकल्यास

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हिमवृष्टीमुळे पर्यटकांची सुमारे एक हजार वाहने अडकली होती. अशा प्रसंगी इलेक्ट्रिक मोटार धोकादायक ठरेल काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ४५ युनिटची बॅटरी निम्मी भरलेली असेल आणि हीटर सरासरी दोन किलोवॉट वीज घेत असेल, तर सुमारे ११ तास ऊब मिळते. तापमान फार खाली असल्यास हा अवधी कमी होतो. सीट हीटर वापरून केबिन माफक उबदार ठेवल्यास तो वाढतो.

पेट्रोल-डिझेल मोटारीत इंजिन सुरू ठेवून बसल्यास, धूरनळी बर्फाने बुजून कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा जीवघेणा धोका असतो. इलेक्ट्रिक मोटारीत तो नाही. दुसरीकडे, इंधन कॅनमधून आणता येते, वीज आणता येत नाही. म्हणून हिमवृष्टीचा इशारा असताना निम्म्याहून कमी चार्जवर घाटात जाऊ नये.

मालकांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी

• पल्ला मोजताना प्रमाणपत्रावरील आकडा धरू नये. उन्हाळ्यात स्वतःला मिळणाऱ्या पल्ल्याच्या ६० टक्के अंतरावर हिवाळ्याचे नियोजन करावे.

• शक्य असल्यास मोटार बंदिस्त किंवा छताखालील जागेत ठेवावी. काही अंशांच्या फरकानेही बॅटरीला लाभ होतो.

• एलएफपी बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने १०० टक्के चार्ज करावी, अन्यथा शिल्लक चार्जचा अंदाज चुकू शकतो. निकेलयुक्त बॅटरीसाठी रोज ८० टक्क्यांची मर्यादा सामान्यतः योग्य मानली जाते.

• १२ व्होल्टची लहान बॅटरी हिवाळ्यापूर्वी तपासून घ्यावी. ती उतरल्यास मुख्य बॅटरी भरलेली असूनही मोटार सुरू होत नाही.

• चार्जिंग पोर्टचे झाकण आणि गन यांत बर्फ साचू देऊ नये. गोठलेल्या भागावर उकळते पाणी ओतणे किंवा जोर लावणे टाळावे.

• एकाच ठिकाणी तापमान पाच ते सहा अंशांनी घसरले की टायरमधील हवेचा दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. तो नियमित तपासावा.

• टॅक्सी व्यवसायासाठी मोटार घेणाऱ्यांनी हिवाळ्यातील सर्वांत थंड दिवशी, पूर्ण प्रवासी भारासह आणि हीटर सुरू ठेवून किती फेऱ्या होतील, यावर कर्जाच्या हप्त्याचे गणित मांडावे.

केंद्र सरकारच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी दोन हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. डोंगराळ भागात या केंद्रांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकाच हिवाळ्यात त्यांना मिळणारा अखंड वीजपुरवठाही महत्त्वाचा आहे. तोपर्यंत ज्याच्या दारात रात्रभर भरवशाची वीज आहे, त्याला थंड प्रदेशातही इलेक्ट्रिक मोटार वापरता येईल. ज्याची भिस्त केवळ रस्त्यावरील चार्जरवर आहे, त्याने मात्र खरेदीचा निर्णय हिवाळ्यातील प्रत्यक्ष परिस्थिती पाहूनच घ्यावा.