सागरी प्रवाळ टाकीतील फॉस्फेट: गाळण माध्यमाची निवड

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात शोभिवंत मत्स्यपालन हा कमी जागेत होणारा पूरक व्यवसाय आहे. मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याने काही जण सागरी टाकीकडेही वळतात. अशा टाकीत हिरवे शेवाळ वाढून प्रवाळाची वाढ खुंटली, तर प्रथम फॉस्फेट तपासावे.

फॉस्फेट कोठून येते?

- पाणी: या शहरांचा पाणीपुरवठा प्रामुख्याने उल्हास व बारवी नद्यांवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात उल्हास नदीच्या काही भागांत पसरणारी जलपर्णी पाण्यात अन्नद्रव्ये मुरत असल्याची खूण आहे. नळाचे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यात थोडे फॉस्फेट असू शकते. समुद्री मीठ कालवण्यासाठी आरओ-डीआय यंत्रातील पाणीच वापरावे.
- खाद्य: 1 टक्का स्फुरद असलेल्या 1 ग्रॅम कोरड्या खाद्यात 10 मिलिग्रॅम स्फुरद, म्हणजे सुमारे 30 मिलिग्रॅम फॉस्फेट असते. ते सर्व विरघळले तर 300 लिटर टाकीत दर लिटरला 0.1 मिलिग्रॅमची भर पडते. उरलेले खाद्य लगेच काढावे.
- खडक: चुनखडीचे खडक फॉस्फेट धरून ठेवतात व पाण्यातील प्रमाण घटले की परत सोडतात. त्यामुळे उपचारानंतरही आकडा पुन्हा वर येऊ शकतो.

किती प्रमाण योग्य?

प्रवाळ टाकीसाठी लिटरला 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम फॉस्फेट हे व्यवहार्य लक्ष्य आहे. शून्य करू नये. प्रवाळालाही स्फुरद लागते. ते संपले की प्रवाळ फिका पडतो आणि वाळूवर तपकिरी चिकट थर येऊ शकतो. चाचणी संच केवळ स्फुरद दाखवत असेल, तर आकड्याला 3.07 ने गुणावे.

माध्यमांची तुलना

- लोहयुक्त दाणे (फेरिक ऑक्साइड): कोकणच्या जांभ्या मातीत दिलेले स्फुरद लोहाशी बांधले जाऊन पिकाला मिळेनासे होते. शेतातील हा तोटाच टाकीत उपयोगी पडतो. बहुतेक टाक्यांसाठी हेच पहिली पसंती ठरते.
- ॲल्युमिनियम ऑक्साइड: पांढरे गोळे, जाळीदार पिशवीत ठेवणे सोपे. मात्र काही मऊ प्रवाळ यामुळे आकसल्याचे अनुभव आहेत.
- लॅंथॅनम क्लोराइड: द्रव स्वरूपात, जलद परिणाम. तयार होणारा बारीक साका सूक्ष्म गाळणीत अडवावा लागतो, अन्यथा माशांच्या कल्ल्यांना इजा होते. अनुभवाशिवाय वापरू नये.

लोहयुक्त दाणे वापरण्याची पद्धत

1. दाणे आरओ पाण्याने लाल धूळ निघेपर्यंत धुवावेत.
2. पूर्ण मात्रा साधारण 1 लिटर पाण्याला 1 मिलिलिटर दाणे असते. सुरुवात निम्म्या मात्रेने करावी. फॉस्फेट एकदम उतरल्यास प्रवाळाला धक्का बसतो.
3. नळीतील प्रवाह मंद ठेवावा. वरचे दाणे हलकेच हलावेत, एकमेकांवर घासून चुरा होऊ नये.
4. दर 2 ते 3 दिवसांनी फॉस्फेट व अल्कलिनिटी मोजावी.
5. नळीतून बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा टाकीएवढा झाला की दाणे बदलावेत.

काळजी

- वापरलेले दाणे खत म्हणून शेतात टाकू नयेत. स्फुरद बांधलेले असते आणि त्यात मीठही असते. टाकीचे खारे पाणीही झाडांना किंवा विहिरीजवळ ओतू नये.
- गप्पी, मॉलीसारख्या गोड्या पाण्यातील टाक्यांना सहसा माध्यम लागत नाही. आठवड्याला 20 ते 25 टक्के पाणी बदलणे पुरेसे ठरते व ते पाणी बागेला चालते.
- कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. समुद्रातून काढलेले प्रवाळ विकत घेऊ नयेत. टाकी उभारण्यापूर्वी वन विभागाकडे नियमांची खात्री करावी.

माध्यमावर खर्च करण्यापूर्वी पाणी आणि खाद्य तपासा. मूळ स्रोत चालू राहिला तर दाणे लवकर भरतात, शेवाळ परतते आणि दर महिन्याचा खर्च मात्र कायम राहतो.