पबजीतील खेळप्रकार : कोणता चालतो आणि का?

फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी ‘पबजी’ची संभावना घराघरांत शिरलेला राक्षस अशी केली होती. त्या वेळच्या चर्चेत हा एकच एक खेळ असल्याचे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात या एका ॲपमध्ये अनेक खेळप्रकार, म्हणजे ‘मोड’ असतात. मुलगा त्यांपैकी कोणता निवडतो, यावर त्याचा किती वेळ जाणार आणि ‘जेवायला ये’ या हाकेला तो उठणार की नाही, हे बरेचसे ठरते.

मूळ प्रकार ‘क्लासिक’. आयर्लंडचे ब्रेंडन ग्रीन यांच्या कल्पनेतून साकारलेली संगणकावरील आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि मोबाइल आवृत्ती २०१८ मध्ये. शंभर खेळाडू विमानातून बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. ‘एरँगल’ हा आठ किलोमीटर लांबी-रुंदीचा नकाशा सर्वांत जुना. त्यावरील पूर्ण डाव सुमारे अर्धा तास चालतो. क्लासिक एकट्याने, जोडीने किंवा चौघांच्या ‘स्क्वॉड’मध्ये खेळता येतो. भारतात स्क्वॉडचे आकर्षण अधिक, कारण येथे अनेकांसाठी हा खेळ म्हणजे मित्रांशी माइकवरून गप्पा मारण्याचा कट्टाच आहे. जखमी होऊन कोसळलेल्या खेळाडूला साथीदार पुन्हा उभे करू शकतात. अर्थात मध्येच फोन बंद करणारा उरलेल्या तिघांना अडचणीत टाकतो. ‘पाच मिनिटे थांब’ ही विनवणी म्हणूनच दर वेळी निव्वळ सबब नसते.

खेळप्रकाराची लोकप्रियता केवळ आवडीवर ठरत नाही, प्रतीक्षेवरही ठरते. दोन दृष्टिकोन, तीन संघप्रकार आणि चार नकाशे असे पर्याय खुले ठेवले, तर चोवीस स्वतंत्र रांगा तयार होतात. एका वेळी २,४०० खेळाडू वाट पाहत असतील आणि ते समान विभागले गेले, तर प्रत्येक रांगेत जेमतेम एका डावापुरते शंभर जण उरतात. वाटणी समान कधीच नसते. ज्या रांगेत डाव लवकर सुरू होतो तिकडे आणखी लोक वळतात आणि ओस पडलेली रांग अधिकच ओस पडते. मोबाइल आवृत्तीत रिकाम्या जागा संगणकचलित ‘बॉट’ भरून काढतात. त्यामुळे प्रतीक्षा घटते, पण मुरलेल्या खेळाडूला असा विजय फिका वाटतो. नावडता नकाशा टाळण्यासाठी खेळाडू कोणत्या थराला जातात, याचा मासला संगणकावर दिसला होता. ‘मिरामार’ हा वाळवंटी नकाशा वाट्याला येऊ नये म्हणून काहींनी त्याची फाइलच काढून टाकली. नकाशा निवडण्याची सोय २०१८ मध्ये मिळाली.

दृष्टिकोनाची कथाही अशीच. ‘टीपीपी’मध्ये कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असतो, तर ‘एफपीपी’मध्ये पात्राच्या डोळ्यांतून दिसते. टीपीपीत भिंतीआड लपूनही कोपऱ्यापलीकडचे न्याहाळता येते, म्हणून संगणकावरील व्यावसायिक स्पर्धा एफपीपीकडे वळल्या. मोबाइलवर मात्र टीपीपीनेच बाजी मारली. छोट्या पडद्यावर आजूबाजूचे अधिक दिसणे सोयीचे, आणि मोबाइलच्या अधिकृत स्पर्धाही त्याच दृष्टिकोनातून झाल्याने नवशिक्यांनी तोच गिरवला.

क्लासिकमध्येही दोन जाती. काही जण थेट पोचिंकीसारख्या गजबजलेल्या गावात उतरतात आणि दोन-तीन मिनिटांत संपतात किंवा शस्त्रांनी सज्ज होतात. काही जण कडेला दबा धरून गुण जमवतात, कारण श्रेणी ठरवताना टिकून राहण्यालाही मोल असते. ‘कॉन्करर’ ही सर्वोच्च श्रेणी सर्व्हरवरील पहिल्या ५०० जणांनाच मिळते. तिच्यामागे लागलेला खेळाडू डाव अर्ध्यात सोडायला सहसा तयार होत नाही.

२०१९ मध्ये आलेल्या ‘टीम डेथमॅच’चे, अर्थात ‘टीडीएम’चे, सारे निराळे. चार विरुद्ध चार, मेलेला खेळाडू लगेच परततो आणि आधी चाळीस बळी टिपणारा संघ जिंकतो. डाव फार तर दहा मिनिटांचा. नेमबाजीचा सराव, दोघांतली पैज किंवा बसची वाट पाहताना मिळालेला वेळ यांना तो पुरतो. या दोहोंच्या मध्ये २०२० मधला ‘लिविक’ बसतो : दोन किलोमीटरचा नकाशा, ५२ खेळाडू, सुमारे पंधरा मिनिटे.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने ‘बीजीएमआय’ आणले, ते जुलै २०२२ मध्ये हटवले गेले आणि मे २०२३ मध्ये परतले. परतताना अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. तेवढ्या वेळात एरँगलचे सहा पूर्ण डाव होतात, टीडीएमचे अठराहून अधिक.