बहुरूपी डोंगल

स्मरणिका समितीचा निरोप होता, "आपापल्या क्षेत्रातलं लिहा, पण सगळ्यांना कळेल असं लिहा." डॉक्टर मंडळी मधुमेहावर लिहितील, वकील मंडळी मृत्युपत्रावर. मी सॉफ्टवेअरमधली. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून कधी ना कधी गेलेल्या एका वस्तूचा इतिहास लिहायचं ठरवलं. ती वस्तू म्हणजे यूएसबी मोडेम. कुणी त्याला डेटाकार्ड म्हणायचं, कुणी नेटसेटर, कुणी नुसतंच डोंगल. आता ते घरातल्या एखाद्या ड्रॉवरच्या तळाशी, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेलं असेल. विंडोजवर ते खोचलं की चालायचं. लिनक्सवर ते चालावं म्हणून मात्र जगभरातल्या कितीतरी लोकांनी काही वर्षं खटपट केली. ती खटपट कुठल्या पाठ्यपुस्तकात येणार नाही, म्हणून इथे मांडते.

सुरुवात आपल्या शाळेच्या दिवसांपासून करावी लागेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्या गावाला त्याचा पत्ताही नव्हता. आपण तेव्हा संगणक कक्षाबाहेर चपला काढून, रांगेनं आत जात होतो आणि संगणकावरचं कव्हर काढण्याच्या पाळीवरून भांडत होतो.

त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. तार आवाज नेण्यासाठी बनलेली, आणि संगणकाला तर आकड्यांचीच भाषा येते. आकड्यांचा आवाज करणारा आणि आवाजाचे पुन्हा आकडे करणारा दुभाषा म्हणजे मोडेम. या दुभाष्याशी बोलायची एक ठरलेली भाषा होती. १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीनं आपल्या 'स्मार्टमोडेम'साठी ती बनवली. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक आज्ञा 'एटी' या अक्षरांनी सुरू होते. एटी म्हणजे 'अटेन्शन'. आपल्या पीटीच्या तासाच्या भाषेत, "सावधान!" त्यापुढे डी आला की फोन लाव, एच आला की फोन ठेव. ही भाषा उघड होती आणि सगळ्या कंपन्यांनी ती उचलली. त्यामुळे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची सुरुवात केली, तेव्हा बाहेरून जोडायचे मोडेम लिनक्सवर चालवायला फारसा त्रास पडला नाही. सावधान म्हटलं की मोडेम सावधान होत असे.

पहिली अडचण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आली. मोडेम स्वस्त करण्यासाठी कंपन्यांनी त्यातली बरीचशी यंत्रणाच काढून टाकली आणि ते काम विंडोजमधल्या प्रोग्रॅमवर सोपवलं. अशा मोडेमना 'विनमोडेम' नाव पडलं. विंडोज नसेल तर ते म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा. संगणकात मोडेम आहे, पैसे मोजून घेतलेला आहे, पण त्याची भाषा कंपनीच्या कपाटात बंद आहे, ही परिस्थिती लिनक्सवाल्यांच्या वाट्याला तेव्हा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली.

मग ब्रॉडबँड आलं. २००४ च्या सरकारी धोरणानं सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग असेल तरच ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरवलं, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं 'डेटावन' सेवा सुरू केली. तिच्या काही मोडेमना मागे दोन खाचा असायच्या, एक नेटवर्कच्या वायरची आणि एक यूएसबीची. लिनक्स वापरणारे एकमेकांना एकच सल्ला देत: यूएसबीच्या वाटेला जाऊ नका, नेटवर्कची वायर लावा. यूएसबीला त्या त्या मोडेमचा वेगळा ड्रायव्हर लागायचा, नेटवर्कच्या वायरीला लागत नसे. ही पळवाट छान होती, पण घरात फोनची तार असलेल्यांसाठीच. तालुक्याच्या कडेला, वाडीवर, जिथे ब्रॉडबँडची तार पोचली नव्हती तिथे तिचा काय उपयोग?

तिथे डोंगल पोचलं. २००९ च्या सुमारास सीडीएमएची वेगवान डेटाकार्डं बाजारात दिसू लागली. २०१० साली थ्रीजीच्या लहरींचा लिलाव झाला. तो ३४ दिवस चालला, १८३ फेऱ्या झाल्या आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. त्यानंतर खासगी कंपन्यांचं थ्रीजी आलं. बोटभर लांबीच्या त्या कांडीत एक सिमकार्ड आणि एक मोडेम असायचा. गंमत म्हणजे, आत अजूनही हेजच्या भाषेवर बेतलेल्या 'सावधान'च्या आज्ञा होत्या. तार नाही, फोनची घंटी नाही, तरी संगणक 'फोन लाव' असंच सांगायचा. जीएसएमच्या डोंगलला *९९# हा नंबर, सीडीएमएच्या डोंगलला #७७७. म्हणजे लिनक्सला भाषा तर येत होती. मग अडलं कुठे?

अडलं सोंगापाशी. लहानपणी आपल्या गल्लीत बहुरूपी यायचा, आठवतं? कधी पोलीस, कधी शंकर. ही डोंगलंही तशीच होती. संगणकात खोचल्यावर ती "मी मोडेम आहे" असं सांगतच नसत. ती सांगत, "मी सीडी आहे." कारण अगदी व्यवहारी होतं. ड्रायव्हरची वेगळी सीडी छापून डब्यात घालण्यापेक्षा ड्रायव्हर डोंगलच्या पोटातच ठेवला की खर्च वाचतो, आणि सीडी दिसली की विंडोज तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू करतं. ड्रायव्हर बसला की तोच डोंगलला एक गुप्त खूण करी. खूण मिळाली की डोंगल सीडीचं सोंग टाकून मोडेम होई. या युक्तीला 'झीरो-सीडी' असं नाव होतं. विंडोजवाल्यांना यातलं काही कळायचीही गरज नव्हती. लिनक्सवर मात्र खूण करणारं कुणी नव्हतं, त्यामुळे डोंगल सीडी होऊन तसंच बसून राही.

ही खूण शोधायची कशी? काही लोकांनी विंडोजचा संगणक घेतला, यूएसबीवरून जाणारी देवाणघेवाण नोंदवणारा प्रोग्रॅम लावला आणि सोंग उतरतं त्या क्षणी नेमके कुठले आकडे गेले ते टिपून ठेवलं. कंपनीनं सांगितलं नव्हतं, ते निरीक्षणानं काढलं. काही डोंगलांच्या बाबतीत उत्तर अगदी साधं निघालं. सीडी बाहेर काढायची नेहमीची आज्ञा दिली की सोंग उतरे. बाकीच्यांना खास निरोप लागे. हुआवे कंपनीच्या बऱ्याच मॉडेलना चालणारा निरोप ३१ बाइटचा आहे. त्याची सुरुवात ५५५३४२४३ अशी होते. हे मंत्रासारखं दिसतं, पण त्याचा अर्थ सरळ आहे: यू, एस, बी, सी या चार अक्षरांचे हे संगणकी आकडे. पुढे येतात १२३४५६७८. ही पावती क्रमांकाची जागा, तिथे कुठलाही आकडा चालतो, आणि बहुतेकांनी सरळ पाढा म्हटल्यासारखं एक ते आठ लिहून टाकलं. खरी खूण त्यानंतरच्या काही बाइटमध्ये.

हे निरोप पाठवणारा छोटा प्रोग्रॅम योझुआ डीत्झे या गृहस्थांनी लिहिला आणि २००७ पासून सांभाळला. त्याचं नाव 'यूएसबी मोडस्विच'. प्रोग्रॅम छोटाच, मोठी होती ती त्याच्याबरोबरची यादी. प्रत्येक डोंगलला दोन भागांचा ओळख क्रमांक असतो, पहिला भाग कंपनीचा आणि दुसरा वस्तूचा. यादीत क्रमांक आणि त्यापुढे त्याचा निरोप. देशोदेशीच्या वापरणाऱ्यांनी आपापल्या डोंगलची नोंद पाठवली आणि यादी वाढत गेली.

सोंग उतरल्यावरही एक काम उरायचं. लिनक्समधला यूएसबीचा साधा ड्रायव्हर जुन्या, मंद यंत्रांसाठी होता. वेगवान मोडेमवर त्याची ओंजळ अपुरी पडायची आणि माहिती सांडायची. त्यासाठी २००५ मध्ये माथिआस उर्लिख्स यांनी वेगळा ड्रायव्हर लिहिला. त्याचं नाव 'ऑप्शन', कारण तेव्हा तो ऑप्शन नावाच्या कंपनीच्या कार्डांवर सर्वाधिक वापरला जाई. पुढे त्यात इतर कंपन्यांच्या शेकडो मोडेमची भर पडली, नाव तेच राहिलं. शेवटी फोन लावायला 'डब्ल्यूव्हीडायल' नावाचा प्रोग्रॅम. त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ असायची, 'स्टुपिड मोड = १'. म्हणजे समोरून काय उत्तर येतंय याचा विचार करत बसू नकोस, जोडणी झाली की कामाला लाग. हा उपदेश मला पुढे नोकरीतही बराच उपयोगी पडला.

आता या सगळ्यातली खरी गोम. हे प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे असत, आणि ते नसतील तर इंटरनेट चालत नसे. किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप.

हे कुलूप मी जवळून पाहिलं ते आपल्याच बॅचच्या एका मैत्रिणीमुळे. नाव लिहू नको म्हणाली आहे, पण तुम्ही ओळखालच. एसटी स्टँडजवळ तिची टायपिंगची संस्था होती. टाइपरायटर गेल्यावर तिनं चार जुने संगणक घेतले. विंडोजचं लायसन्स परवडेना, म्हणून त्यांवर उबुंटू टाकलं. उबुंटूच्या सीड्या तेव्हा मागितल्या की पोस्टानं फुकट घरी येत. जून २०१० मध्ये अभियांत्रिकी प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज सुरू होते. मुलांना अर्जासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागे, एक दिवस आणि एसटीचं दोन्हीकडचं भाडं मोडून. तिच्याकडे ब्रॉडबँडची तार आली नव्हती, म्हणून तिनं डोंगल घेतलं. दुकानदार म्हणाला, "लिनक्सवर नाही चालणार, विंडोज टाका."

रात्री तिचा फोन आला. मी पुण्यात. तिनं क्रमांक वाचून दाखवला, "बी नाही गं, डी, दिल्लीचा डी." यादीत तिचं डोंगल होतं. कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी आधीच ती ओळ लिहून ठेवली होती. मी लागणाऱ्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि सकाळच्या गाडीनं ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवल्या. संध्याकाळी ती फोन कानाला लावून एकेक आज्ञा टाइप करत गेली. टायपिंगवाली असल्यानं एकही अक्षर चुकलं नाही. मग पुन्हा क्रमांक पाहिला आणि ओरडली, "अगं, नंबर बदलला!" सोंग उतरलं होतं. त्या आठवड्यात तिच्याकडून किती मुलांनी अर्ज भरले ते तीच सांगेल. मला माहीत आहे ते एवढंच, की तिनं सगळ्या आज्ञा वहीत मराठीत अर्थासह लिहून काढल्या आणि ज्यानं मागितली त्याला ती वही झेरॉक्स करू दिली.

पुढचा इतिहास थोडक्यात. उबुंटूच्या ऑक्टोबर २००८ च्या आवृत्तीपासून थ्रीजीची जोडणी पडद्यावरच्या एका खिडकीतून करता येऊ लागली. तिच्यामागेही लोकांनीच जमवलेली आणखी एक यादी होती: कुठल्या देशात कुठली कंपनी, तिची सेटिंग काय. २०१० च्या सुमारास यूएसबी मोडस्विच आपोआप काम करू लागलं. डोंगल खोचलं की यादी पाहायची, निरोप पाठवायचा, वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. हुआवेच्या एका अभियंत्यानंही आपल्या कंपनीच्या डोंगलांसाठी लिनक्समध्ये सुधारणा पाठवल्या. नंतरची डोंगलं स्वतःला नेटवर्क कार्ड म्हणवू लागली आणि फोन लावण्याचं नाटकही संपलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, प्रत्येकाच्या फोनचाच हॉटस्पॉट झाला आणि डोंगल ड्रॉवरच्या तळाशी गेलं.

आज कुणी लिनक्सच्या संगणकात जुनं डोंगल खोचलं आणि ते निमूट चाललं, तर त्याला वाटेल, हे असंच चालतं. असंच काहीही चालत नाही. पहिल्यांदा ज्याचं अडलं, त्यानं उत्तर सापडल्यावर उठून जाण्याआधी एक ओळ लिहिली, म्हणून ते चालतं. आपल्या शाळेच्या पुस्तकपेढीतली पुस्तकं आठवा. आतल्या पानावर आधीच्या मुलांची नावं असायची, आणि एखाद्या अवघड गणिताशेजारी पेन्सिलीनं एखादी पायरी लिहिलेली असायची. ती कुणी लिहिली ते आपल्याला माहीत नसे, गणित मात्र सुटायचं.

या मेळाव्यात आपण शाळेला संगणक देणार आहोत. त्यांच्यावर लिनक्स असावं की विंडोज, हे शिक्षकांनी ठरवावं. माझी सूचना एवढीच, की संगणकांबरोबर एक दोनशेपानी वहीही द्यावी आणि ती कक्षातच दोरीनं बांधून ठेवावी. जे अडेल ते आणि जसं सुटेल तसं, मराठीत, तारखेसह त्यात लिहायचं. पहिलं पान लिहायला आपली टायपिंगवाली मैत्रीण तयार आहे. मी विचारलंय तिला.