दोन हॅम्लेट, त्यातला एक हरवलेला

‘हॅम्लेट’ मुंबईत किमान दोनदा पडद्यावर आला. 1935 साली सोहराब मोदींनी आपलं उर्दू नाटकच कॅमेऱ्यापुढे उभं केलं: ‘खून का खून’. त्यातली ओफिलिया नसीम बानू. 1954 मध्ये नागपुरात शिकलेले किशोर साहू स्वतःच्याच दिग्दर्शनात हॅम्लेट झाले, ओफिलिया माला सिन्हा. त्यांच्यापुढे ऑलिव्हिएच्या 1948 च्या चित्रपटाचा नमुना होता. म्हणजे एकाचं मूळ पारशी रंगभूमीत, दुसऱ्याचं थेट सिनेमात. यवतमाळात बसून मला दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे होते. पण मोदींचा चित्रपट हरवलेला मानला जातो. उलट अकोल्यात शिकलेल्या आगरकरांचं, डोंगरीच्या तुरुंगवासातलं ‘हॅम्लेट’चं भाषांतर ‘विकारविलसित’ 1883 पासून वाचता येतंय. चित्रपटाची प्रत वेळीच जपली नाही, तर तुलनेला एकच बाजू उरते.