कार्ब्युरेटरची इंधननळी

मोटारीच्या टाकीतील पेट्रोल पंपामार्फत कार्ब्युरेटरपर्यंत नेणाऱ्या नळीस कार्ब्युरेटरची इंधननळी म्हणतात. नेहमीच्या मोटारीत तिचा मार्ग उत्पादकाने ठरविलेला असतो. जुन्या अमेरिकी व्ही-८ मोटारींचे हौशी मालक मात्र मोठा कार्ब्युरेटर बसविताना ही नळी नव्याने टाकतात. मार्ग चुकल्यास इंजिन ऐन वेगात अडखळते, क्वचित पेटही घेते.

रचना

शेव्हरोलेच्या १९५५ पासूनच्या 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिनात यांत्रिक पंप पुढील भागात उजवीकडे खाली असतो. कॅमशाफ्टवरील उत्केंद्री चकती त्यास चालविते. टाकी गाडीच्या मागील टोकास असल्याने पेट्रोल सुमारे ३ मीटर अंतरावरून ओढावे लागते. साधारण ४०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे २ लिटर पेट्रोल घेते, त्यासाठी ३/८ इंच (९.५ मिमी) व्यासाची नळी प्रचलित आहे. हॉले बनावटीच्या चौमुखी कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय दाब पुरतो. दाब फार वाढल्यास फ्लोटला सुई-झडप मिटवून धरता येत नाही व पेट्रोल ओसंडते.

बाष्परोध

पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. पंपाच्या शोषणबाजूस दाब कमी असल्याने तेथे ते आणखी लवकर उकळतात. पंप द्रव ओढण्याऐवजी वाफच दाबत राहतो आणि पुरवठा तुटतो. यासच बाष्परोध म्हणतात. म्हणून नळी एक्झॉस्टच्या नळ्यांपासून दूर, शक्यतो चासीच्या बाहेरील कडेने नेतात.

शर्यतीच्या गाडीत आणखी एक अडचण येते. गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाने गाडी सुटली की ३ मीटर लांबीतील पेट्रोलाच्या जडत्वामुळे पंपाच्या तोंडाशी सुमारे ३ पीएसआय दाब घटतो. टाकीजवळ, तिच्या तळाच्या पातळीवर विद्युत पंप बसविणे हा यावरचा खरा उपाय. असा पंप पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. जास्तीचे पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी जोडल्यास प्रवाह खेळता राहून थंड राहतो. नळीला लाकडी चिमटे लावण्याची अमेरिकेतील जुनी प्रथा प्रसिद्ध असली, तरी तिचा उपयोग संशयास्पद आहे. घाटात तापलेल्या अँबॅसडर वा फियाटच्या पंपावर ओले फडके टाकण्याची आपल्याकडील युक्ती त्यापेक्षा तर्कसंगत म्हणावी लागेल, कारण पाण्याच्या बाष्पीभवनाने पंप प्रत्यक्ष थंड होतो.

सुरक्षितता

तांब्याची नळी वाकविण्यास सोपी, पण कंपनांनी कडक होऊन तडकते. म्हणून पोलादी नळी वापरतात. इंजिन हलते व चासी स्थिर असते, त्यामुळे दोहोंमध्ये लवचीक नळीचा छोटा तुकडा आवश्यक ठरतो. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए रबरी नळीची एकूण लांबी १२ इंचांपर्यंत मर्यादित ठेवते. फ्लायव्हीलच्या परिसरातून जाणारी नळी जाड पोलादी आवरणात असावी, असाही तिचा नियम आहे. फुटलेल्या क्लचचे तुकडे तेथूनच उडतात. विद्युत पंप इंजिन बंद पडल्यावरही चालू राहू शकतो. त्यामुळे ऑइलचा दाब नाहीसा होताच त्याचा वीजपुरवठा तोडणारा स्विच जोडतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे जुन्या प्रकारचे रबर खराब होते, म्हणून जुन्या गाड्यांतील रबरी तुकडे बदलावे लागतात.

नासकारच्या प्रमुख मालिकेत २०१२ मध्ये इंधन-अंतःक्षेपण येईपर्यंत कार्ब्युरेटरच वापरात होता.