मानमोडीनंतरची लस

'लस' हा शब्द मुळात दवाखान्यातला नाही. फोडातून पाझरणारा चिकट द्रव म्हणजे लस. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली गाईच्या देवीची लस टोचली. तिच्या दंडावर फोड आला आणि त्यातलीच लस पुढच्या मुलांना टोचली. पुढे खेड्यापाड्यांत टोचून घेण्याला 'देवी काढणं' म्हणू लागले, टोचणारा झाला 'देवी डॉक्टर'.

फ्लूची लस यायला फार वेळ लागला. १९१८ साली मुंबई बंदरातली साथ रेल्वेने गावोगाव पोचली. मराठी माणसाने तिला 'मानमोडी' म्हटलं. इन्फ्लुएंझा या इटालियन शब्दात ग्रहताऱ्यांचा प्रभाव आहे. मानमोडीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कळ आहे. मला आपलाच शब्द खरा वाटतो. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढायची सोडून घटली.

माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ साली. कोंबडीच्या अंड्यात वाढवून केलेली लस १९४०च्या दशकात आली. पण विषाणू सारखं रूप पालटतो. त्यामुळे एकदा टोचून भागत नाही, दरवर्षी नवी लस घ्यावी लागते.

महाराष्ट्राला याची निकड कळली ती २००९ साली, पुण्यातल्या स्वाइन फ्लूने. २०१५च्या साथीत राज्याने गरोदर बाया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत द्यायला घेतली. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो आणि त्याच दिवसांत आषाढीला लाखो वारकरी सोलापूर जिल्ह्यात उतरतात. म्हणून लस पावसाच्या आधी हवी.

सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी सून हातातलं पान ठेवून उठते, खोकणाऱ्या सासूला पाठीला हात देऊन बसवते, तिची थुंकी पुसते आणि पुन्हा वळायला बसते. ब्रिटनमध्ये अशी घरी शुश्रूषा करणाऱ्यांनाही फ्लूची लस फुकट मिळते. आपल्या यादीतही या सुनेला जागा हवी. घरात मधुमेहाचं किंवा दम्याचं माणूस असेल, तर मे महिन्यातच सिव्हिलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा, आणि स्वतःसाठीही विचारा.